धाकट्याच्या टी-शर्टांची गोधडी

आमच्या भावजयीला शिवणातलं ओ की ठो कळत नाही. सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर येते, आणि तिने लावलेलं बटण दुसऱ्या दिवशी चहाच्या कपात सापडतं. हे मी तिच्या तोंडावर म्हटलेलं आहे, तेव्हा इथे सांगायला हरकत नाही. इस्त्री मात्र तिच्याकडून शिकावी. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, जिथे वाफेने भिंतीच्या रंगाचे पोपडे निघालेत, तिथे ती लग्नाआधीपासून उभी आहे. उजव्या हातात इस्त्री, डाव्या हाताने कापड ताणून धरलेलं. कॉलर अशी करते की घालणारा दिवसभर मान वळवायला धजत नाही. म्हणून आमचा धाकटा, म्हणजे माझा भाऊ, तिला 'कडक' म्हणायचा. पुढे आम्ही सगळेच म्हणायला लागलो.

धाकटा त्याच लाँड्रीचा टेम्पो चालवायचा. हॉटेलांच्या मळक्या चादरी आणायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. नदीला पूर आला होता, पुलावरून पाणी जात होतं, आणि हा शहाणा पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोलिसाला म्हणाला, "एवढ्याशा पाण्याला काय घाबरायचं?" टेम्पो दुसऱ्या दिवशी सापडला. चादरी पुढे कितीतरी दिवस सापडत होत्या, काठच्या झुडपांत अडकलेल्या, कुंपणाच्या तारांवर लोंबणाऱ्या. धाकटा सापडला नाही.

माणूस गेला की घर रडतं आणि हळूहळू सावरतं. माणूस सापडलाच नाही तर घराला रडताही येत नाही. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, तर धाकट्याबद्दल 'होता' म्हणणाऱ्या प्रत्येकाशी बोलणं टाकलं. पोलीस आले, आप्पा आतल्या खोलीत गेले. मावशी गळ्यात पडून रडायला आली, तिला म्हणाले, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" दाराला आतून कडी लावायची नाही, असा त्यांनी नियम केला. धाकटा किल्ली विसरायचा, तो उगाच बाहेर ताटकळेल. दोन वर्षं आमचं दार नुसतं लोटलेलं असायचं. चोर आले नाहीत, कारण चोरण्यासारखं काही नव्हतं.

आणि दर रविवारी आप्पा त्याचे टी-शर्ट धुवायचे. कोणी घातलेले नसायचे, तरी धुवायचे. "आल्यावर अंगात घालायला स्वच्छ नकोत का?" रंगाच्या कंपनीने फुकट वाटलेला, मित्राच्या गॅरेजच्या उद्घाटनाचा, धावण्याच्या शर्यतीचा (धावला निम्माच, पण शर्ट पूर्ण आणला), आणि एक पिवळा, छातीवर मोठ्ठा हसरा सूर्य असलेला. तो त्याचा सगळ्यात लाडका. असे नऊ शर्ट गॅलरीतल्या दोरीवर ओळीने लटकायचे, खांदे पसरून. आमच्या गल्लीत शिरलं की वर मान केल्याबरोबर तेच दिसायचे. एकदा वारा होता. पिवळ्या शर्टाने बाही हलवली आणि मी खालून हात हलवला. मग माझी मलाच लाज वाटली. खरं सांगायचं तर भीती वाटली.

मी निदान रविवारपुरती यायची. कडक तिथेच राहायची. ती खाली मान घालून गल्लीतून यायला लागली. मग मागच्या जिन्याने यायला लागली, जिथे कचऱ्याचे डबे असतात. एक दिवस मी लाँड्रीत तिला भेटायला गेले, तर इस्त्री न थांबवता म्हणाली, "ताई, आता एक तर ते शर्ट घरात राहतील, नाही तर मी."

"आणि आप्पांना कोण बघणार?"

"म्हणून तर तुम्हाला विचारतेय. नाही तर केव्हाच निघाले असते."

माझं तोंड फटकळ. मी म्हटलं, "जाळून टाक एकदाचे."

"जाळवत नाहीत हो."

लाँड्रीच्या पायऱ्यांखाली कपडे ऑल्टर करणारी एक मावशी मशीन टाकून बसते. तिने आमचं बोलणं ऐकलं. ऐकणारच, तिला सगळ्या गल्लीचं ऐकू येतं. म्हणाली, "मग गोधडी शिव ना. शर्टही गेले, आणि शर्टही राहिले." कडकने इस्त्री उभी करून ठेवली. हे मी क्वचितच पाहिलंय.

पण आप्पांना विचारणं भाग होतं. तिने माझ्यासमोरच विचारलं. "आप्पा, ह्यांच्या टी-शर्टांची गोधडी करू का?" आता घर डोक्यावर घेतात, म्हणून मी श्वास धरून बसले. आप्पांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "कर. इतके दिवस पाण्यात म्हणजे गारठून गेला असेल गं. आल्या आल्या पांघरूण लागेल त्याला."

कडकने माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. मग स्वयंपाकघरात "तुम्ही सांगा", "तूच सांग" असं आमचं कुजबुजत भांडण झालं, आणि शेवटी कोणीच काही सांगितलं नाही. आमच्या घरात हे नेहमीचंच.

खर्च करायचा नाही, हे तर ठरलेलंच होतं. दोऱ्याची दोन रिळं आणि सुयांचं पाकीट, एवढंच तिने विकत आणलं. आत घालायला भोक पडलेलं जुनं ब्लँकेट होतं. खालच्या बाजूला चादर हवी, ती तिने लाँड्रीतून आणली. मला वाटलं, फाटकी म्हणून टाकलेली असेल. रात्रभर भिजवून सकाळी वाळत घालताना ती शांतपणे म्हणाली, "पुरातली आहे, ताई. टेम्पोतली. हॉटेलने परत घेतली नाही." एका कोपऱ्यात मातकट डाग होता, तो कशानेच गेला नव्हता, आणि कपड्यांवरचे डाग काढणं हे तिचं रोजचं काम. मी म्हटलं, "ही नको बाई." ती म्हणाली, "शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर हीच होती. मी नव्हते, तुम्ही नव्हतात." मी चादरीचं दुसरं टोक धरलं.

खोक्याच्या पुठ्ठ्याचा चौकोन कापून तिने माप केलं. शर्ट उलटे करून इस्त्री केली, म्हणजे छातीवरची चित्रं वितळणार नाहीत. पहिली कात्री लावताना तिने डोळे मिटले. मी ओरडले, "बोटं कापशील!" ऑल्टरवाल्या मावशीने बजावलं होतं, "होजिअरीचं कापड लबाड असतं. आधी पाठीमागे चिकटवायचं अस्तर लाव, नाही तर ओढशील तसं वाढेल." अस्तराची किंमत ऐकून कडक म्हणाली, एवढ्यात नवी रजईच येईल. आणि बसली तशीच शिवायला. कामावरून आली की गॅलरीत, रिकाम्या दोरीखाली. आप्पा समोर खुर्ची टाकून बसायचे, सुईत दोरा ओवून द्यायचे. "पिवळा मधे घे," म्हणाले. "छातीवर येईल त्याच्या."

शिवताना मी तिचा डावा हात बघत होते, पण मलाही उमगलं नाही. इतकी वर्षं तो हात कापड ताणत आलेला. सुई उजव्या हातात, आणि डावा आपला सवयीने ताणून धरतोय, जणू खाली इस्त्रीचं टेबलच आहे. प्रत्येक जोडात कापड थोडं थोडं वाढत गेलं. कडेला मात्र ती हॉटेलची चादर, जाड आणि हट्टी. ती तसूभर वाढेना. वाढलेलं सगळं मधेच साचलं. बरं, तिथे टाके घालून ते दाबून टाकावं, तर पिवळ्या शर्टावरच्या त्या रबरी सूर्यातून सुईच जाईना. शेवटी तेवढी जागा तिने तशीच सोडली.

रविवारी गोधडी पूर्ण झाली. दुपारी आम्ही दोघींनी ती धाकट्याच्या पलंगावर अंथरली, कोपरे ओढले, आणि मागे सरकून बघितलं.

मधोमध ती वर आली होती. उशीच्या खालपासून पार गुडघ्यांपर्यंत, लांबट, एखादा कुशीवर झोपावा तेवढी. मी हाताने सारखी केली, तर पलीकडून वर आली. कडकच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "उसवते," ती पुटपुटली. "ताई, कात्री द्या, आत्ता उसवते." पण कात्री गॅलरीत होती, आणि दारात आप्पा उभे होते.

त्यांनी पलंगाकडे बघितलं. ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते म्हणाले. "झोपू दे त्याला. केव्हा आला?"

मला आयुष्यात कधी इतकी भीती वाटली नव्हती. आणि कबूल करते, एक क्षण मलाही वाटलं की गोधडी श्वास घेतेय. कडक पुढे झाली. "आप्पा," ती म्हणाली, "ते माझं शिवण चुकलंय."

त्यांनी ऐकलं नाही. चपला दाराबाहेर काढल्या, आवाज होऊ नये म्हणून. पलंगाच्या कडेवर बसले. लहानपणी आम्हाला उठवायचे तसा हात त्यांनी हलकेच त्या सूर्यावर ठेवला. हात खाली गेला. ते थांबले. मग दुसरा हातही ठेवला आणि दाबला, दाबत गेले, खालची गादी हाताला लागेपर्यंत.

"रिकामं आहे गं," ते म्हणाले.

हात त्यांनी उचलले नाहीत.

"आत कोणीच नाही, सूनबाई."

"नाही, आप्पा."

"पाण्यातच राहिला का तो?"

"हो, आप्पा," कडक म्हणाली, आणि मटकन खाली बसून मोठमोठ्याने रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेही रडले. मी काय करत होते ते मला आठवत नाही. बहुतेक गोधडीचा कोपरा तोंडात धरून उभी होते, कारण नंतर जिभेवर चिखलाची चव होती.

तिने गोधडी उसवली नाही. ऑल्टरवाली मावशी म्हणाली होती, आण, नीट करून देते. कडक म्हणाली, राहू दे. ती रोज तीच पांघरते, आणि आत माणूस असला की तो फुगवटा दिसत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मी निघाले तेव्हा आप्पा दारापर्यंत आले. मी सवयीने दार नुसतं लोटलं.

"नीट ओढून घे," ते आतून म्हणाले. "कडी लावतो."

मी जिन्यात थांबले. कडी दोन वर्षं हलली नव्हती, गंजली होती. त्यांना जोर लावावा लागला. मग ती लागली, आणि तो आवाज ऐकला तेव्हा मला कळलं की माझा भाऊ आता येणार नाही.