फोनची मालकीण

नोकरीच्या अखेरच्या काळातलं एक प्रकरण काही केल्या मनातून जात नाही. त्यात रक्त सांडलं नव्हतं, चोरीही झाली नव्हती. पण तपासाच्या सुरुवातीला मी चुकीच्या माणसाला आरोपीच्या जागी बसवलं होतं.

मी तेव्हा वणी भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कोळशाच्या ट्रकांचा भाग. अपघात, डिझेलचोरी आणि ढाब्यावरच्या मारामाऱ्या यांनीच आमची स्टेशन डायरी भरायची. एका सोमवारी खबऱ्याने सांगितलं, की बाजारातला एक मोबाइल मेकॅनिक चोरीच्या फोनची कुलपं तोडून देतो. दुसऱ्याच दिवशी कोळसा वाहतुकीच्या एका ठेकेदाराचा मॅनेजर लेखी तक्रार घेऊन आला. वजनकाट्यावर पावत्या करणाऱ्या एका बाईच्या फोनमध्ये कंपनीचं हजेरीचं ॲप होतं. मेकॅनिकने ते उडवून कंपनीची माहिती नष्ट केली, असा त्याचा आरोप होता. तक्रार टाइप केलेली, मुद्देसूद होती. खबर आणि तक्रार एकमेकींशी जुळल्या आणि मी गुन्हा दाखल केला.

दोन पंच घेऊन आम्ही दुकानावर गेलो. चौदा फोन आणि एक लॅपटॉप जप्त केला, पंचनामा केला, शटरला सील लावलं. मेकॅनिक पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता मोबाइल. त्याने वाद घातला नाही. फक्त कोणता फोन कोणाचा आहे, ते पंचांना एकेक करून लिहून घ्यायला लावलं.

चौकशीत माणूस किती बोलतो यापेक्षा कुठे थांबतो, इकडे मी लक्ष द्यायचो. हा सगळं मोकळेपणाने सांगत होता. फोनमधली मूळची सगळी यंत्रणा पुसून तिथे दुसरं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकल्याचं त्याने लगेच कबूल केलं. जुन्या फोनला तो बनवणारी कंपनी नवं सॉफ्टवेअर देत नाही, म्हणून लोक मुद्दाम त्याच्याकडे येत. पण त्या बाईने ॲप का काढायला सांगितलं, असं विचारलं की तो गप्प व्हायचा.

"ते तिलेच विचारा साहेब," तो म्हणाला. "तिनं मले भरोशानं सांगितलं हाय."

मी आवाज चढवला. दुकान कायमचं बंद करीन, असंही बोललो. तो हलला नाही.

"मालकीण सोता आली, बिल घेऊन आली. तिच्या घराचं कुलूप मी तिच्या सांगण्यावरून बदललं, तर मी चोर कसा झालो?"

त्या क्षणी मला हे उत्तर उद्धटपणाचं वाटलं. पण दोन दिवसांत चौदाही फोनचे आयएमईआय नंबर तपासून आले. एकही चोरीचा निघाला नाही. चौकशी केल्यावर कळलं, की खबऱ्याला ती खबर मॅनेजरच्याच माणसाने पुरवली होती.

मी तक्रार पुन्हा काढून सावकाश वाचली. 'सदर महिला रविवारी सकाळी मुकुटबन येथे बहिणीकडे होती. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ती आरोपीच्या दुकानात आली व सुमारे चाळीस मिनिटे तेथे थांबली.' साक्षीदार कोणीच नव्हता. रविवार म्हणजे तिचा सुटीचा दिवस. मग हे मिनिटामिनिटाने मॅनेजरला कोणी सांगितलं?

मी त्याला ठाण्यात बोलावून एवढंच विचारलं. तो म्हणाला, कोणीतरी सांगितलं. कोणी, ते आठवत नाही. पाणी मागितलं. 

त्या बाईचा जबाब आमच्या महिला हवालदाराने तिच्या घरी, तिच्या आईच्या समोर नोंदवला. दोन वर्षांचा मुलगा असताना नवरा अपघातात गेला, तेव्हापासून ती काट्यावर कामाला होती. हजेरीसाठी म्हणून सगळ्यांच्या फोनमध्ये ते ॲप टाकलं गेलं. काही दिवसांनी मॅनेजरचे फोन सुरू झाले. आज बाजारात काहून गेली? दवाखान्यात कोण होतं संगं? एकदा ती केळापूरला नात्यातल्या लग्नाला गेली, कोणाला सांगितलं नव्हतं, तर हा मांडवाबाहेर गाडी लावून उभा. तिने ॲप काढायचा प्रयत्न केला, ते निघेना. त्याला विचारलं, तर नोकरीवरून काढायची धमकी मिळाली. मग तिने मुकुटबनच्या बहिणीशी बोलून मेकॅनिकचं दुकान गाठलं.

मॅनेजरविरुद्ध लेखी तक्रार द्यायला ती ठाण्यात आली, तेव्हा मी तिला विचारलं, की नोकरी जाईल याची भीती नाही वाटली?

"वाटली," ती म्हणाली. "पण फोन माह्या पगारातून घेतला साहेब. त्याच्यात काय ठेवाचं अन् काय काढाचं, हे तो कोण ठरवणार?"

तिच्या फोनमधला पुरावा पुसला गेला होता. म्हणून मॅनेजरचा कॉम्प्युटर पंचनामा करून यवतमाळच्या सायबर विभागाकडे पाठवला. त्यात काट्यावरच्या प्रत्येकाचा दिवसरात्रीचा ठावठिकाणा नकाशावर नोंदलेला होता. पुरुषांच्या नोंदी तो क्वचितच उघडायचा. हिच्या नोंदी दिवसाला वीस-वीस वेळा उघडलेल्या होत्या, आणि त्या रविवारी दुपारी, मेकॅनिकच्या दुकानापाशी, कायमच्या थांबल्या होत्या. या नोंदींच्या आधारे पाठलाग आणि धमकीचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. मी निवृत्त झाल्यावर खटला उभा राहिला. उलटतपासणीत ती बाई डगमगली नाही, आणि त्याला शिक्षा झाली.

मेकॅनिककडून गुन्हा घडलेलाच नाही, असा अहवाल मी कोर्टात पाठवला. आदेश आल्यावर सील काढायला शिपायाला न पाठवता स्वतः गेलो. अकरा दिवस दुकान बंद होतं. बाजारात त्याच्याविषयी लोक काय बोलले असतील, ते मला माहीत होतं. भर बाजारात, शेजारच्या दुकानदारांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं, की चूक आमची होती. त्याने शटर वर केलं, धूळ झटकली आणि मला बसायला स्टूल दिलं.

शाळा-कॉलेजांत मी पूर्वी एकच सांगायचो: अनोळखी काही फोनमध्ये टाकू नका. ते आजही सांगतो, कारण त्यातून फसलेली माणसं मी पाहिली आहेत. पण आता त्यापुढे आणखी एक सांगतो. तुमच्या फोनमध्ये दुसऱ्याने काय टाकलंय, तेही विचारा, आणि नको असेल तर काढा. कुठलं सॉफ्टवेअर ठेवायचं हे ठरवण्याचा हक्क ज्याने फोन विकत घेतला त्याचा.

एखाद्याच्या घरात झडतीसाठी शिरायचं, तर माझ्यासारख्या वर्दीतल्या माणसालाही कारण लिहावं लागतं, पंच लागतात, कोर्टाला उत्तर द्यावं लागतं. त्या मॅनेजरला तिच्या फोनमध्ये शिरायला यातलं काहीच लागलं नाही. आणि त्याला बाहेर काढणाऱ्याच्या दाराला मात्र मी सील लावलं होतं.