माझ्या सहीचा माफीनामा

हवाई दलाच्या त्या अधिकाऱ्याचं तोंड आठवलं की आजही माझं टाळकं सटकतं. माझ्या स्वतःच्या साहेबाबद्दल तर बोलायलाच नको.

मी तोफखान्यात हवालदार होतो. वाळवंटातल्या एका सरावात भूदल आणि हवाई दलाने मिळून लक्ष्यांची एकच यादी करायची होती. मिळून कसलं! एका खोलीत दोन टेबलं, दोन याद्या, आणि एकमेकांकडे पाठ करून बसलेलो आम्ही. त्या दिवशी सकाळी आमची निरीक्षण तुकडी यादीतल्याच एका टेकडीवर हलली. तिच्यात झरी जामणीचा एक जवान होता, माझ्याच जिल्ह्यातला. टेकडी यादीतून काढा, असा कागद मी लगेच हवाई दलाच्या टेबलावर नेऊन दिला.

दुपारी विमान निघालं आणि यादी वाचली गेली. टेकडी यादीत तशीच होती.

"तुमचा कागद आमच्या नमुन्यात नव्हता," अधिकारी म्हणाला. वर चहाचा घोट घेतला.

मी त्याच्या हातातला फोन हिसकावला आणि बॉम्ब टाकू नका म्हणून ओरडलो. विमान तसंच परतलं.

संध्याकाळी साहेबाने टाइप केलेला माफीनामा पुढे सरकवला. बदल कळवण्यात माझ्याकडून कसूर झाली, असं त्यात होतं. दोन दलांत कटुता नको, म्हणे. सही केली नाही तर फोन हिसकावल्याबद्दल कोर्ट मार्शल. मी सही केली. घाबरलो म्हणून केली, उगाच दुसरं कारण कशाला सांगू?

निवृत्त होऊन आता लोहाऱ्यात राहतो. परवा पुसदच्या बाजारात तो झरीचा जवान भेटला. मी हौसेने दोन चहा सांगितले. त्याने कपाला हात लावला नाही.

"तुमचा माफीनामा आमाले वाचून दाखवला होता," तो म्हणाला. "सही तुमचीच होती ना?"

"होती. पण भाऊ, आयकून तं घे..."

"काय आयकू? माही पोरगी तवा तीन महिन्याची होती. तुमच्यापायी बिनबापाची झाली असती."

"चूक माही नव्हती रे. म्या खोटं लिहून देल्लं."

तो उठला. "मंग खरं कोनतं मानू? तवा लिहून देल्लं ते, का आता सांगून राह्यले ते?"

पिशवी उचलून तो बसस्टँडकडे गेला, आणि मी त्याला हाकही मारली नाही.