निवृत्ती आणि इंदापूरची शर्यत

माझा धाकटा भाऊ निवृत्ती सायकलवर बसला की माणसासारखा दिसायचा नाही. हँडल त्यानं उलटं फिरवून खाली घेतलं होतं. त्यामुळे हनुवटी जवळजवळ मुठींना टेकायची आणि पाठ फळीसारखी आडवी व्हायची. बारामतीच्या पेठेतून तो असा निघाला की लोक हातातलं काम टाकून हसायचे. मी त्याच पेठेत वांगी घेऊन बसायचो. तो पुढं जाईपर्यंत पाटीत मान घालून वांगी निवडत राहायचो.

तो पाटकरी होता. कालव्याच्या कडेनं हिंडून शेतकऱ्यांना पाणी वाटून द्यायचं, हे त्याचं काम. सायकल जुनी, कुणीतरी टाकून दिलेली. कालव्याच्या भरावावर वारा अडवायला झाड नाही. तिथंच त्याला कळलं, की सायकल जड नसते, वारा जड असतो. "दादा, वाऱ्याच्या हाताला काय लागू द्यायचं न्हाय," तो मला सांगायचा. "त्याला धराया गावलं की त्यो मागं वढतो." जेवायला बसला तरी हेच.

पस्तीस सालच्या आसपास दिवाळीनंतर शेतकी प्रदर्शन भरलं आणि बारामती ते इंदापूर सायकलची शर्यत ठरली. सगळ्यांनी एकदम सुटायचं नव्हतं. एकेकाला अंतरानं सोडायचं, दोन्ही गावी घड्याळ धरायचं, ज्याला कमी वेळ लागेल तो पहिला. म्हणजे दुसऱ्याच्या आडोशाला जायची सोय नाही. त्या दिवसांत वारा पूर्वेचा, इंदापूरकडे जाताना थेट तोंडावर. वकिलांची, व्यापाऱ्यांची मुलं नव्या विलायती सायकली घेऊन उतरणार होती. निवृत्तीकडे तसलं काही नव्हतं, म्हणून तो असलेलं काढत सुटला. मडगार्ड गेलं, घंटी गेली, दिवा गेला. साखळी रॉकेलनं धुतली. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना जुन्या धोतराचं कापड ताणून खळीनं चिकटवलं. पुढचं चाक मोकळंच ठेवलं, कारण बाजूनं वारा आला तर हँडल हातातून फिरलं असतं. माझ्या बायकोकडून त्यानं इतकी घट्ट बंडी शिवून घेतली, की ती अंगात चढवायला मला हात लावावा लागला. तिनं शिवली खरी, पण धुऊन वाळत घालताना ती लुगड्याखाली झाकायची.

शर्यतीच्या सकाळी तो न्हाव्यापुढं बसला आणि त्यानं डोकं तुळतुळीत करून घेतलं. मग ओठावर बोट ठेवून म्हणाला, "हीबी काढ." आमच्याकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावर. आमचे आबा तर घरी धडधाकट होते. न्हाव्यानं वस्तरा मिटला. "आबा जिते हायत. माझ्या हातनं हे हुनार न्हाय." निवृत्तीनं वस्तरा मागून घेतला आणि आरशात बघत आपल्या हातानं मिशी उतरवली.

"आरं, लोक काय म्हनतील?" मी म्हणालो.

"मिशी उगवंल, दादा. शर्यत कुठं परत येनार हाय?"

उघड्या, गुळगुळीत डोक्यानं तो सुटला, आणि खरोखरच मी तसा वेग कधी बघितला नव्हता. घरी काय सांगावं सुचेना, म्हणून मी परस्पर मळ्यात गेलो.

आमची बहीण गोदा लासुर्ण्यात दिलेली. तिचं शेत त्याच रस्त्याला. दिवस मावळायच्या सुमारास तिच्या सासरची बैलगाडी आमच्या दारात आली. गोदा ऊर बडवत उतरली, मागं तिची सासू आणि नवरा. वाटेतल्या वस्त्यांवरची माणसंही गाडीमागं चालत आली होती. आबा अंगणात दोर वळत बसले होते. गोदा त्यांना बघून जागीच थांबली, मग त्यांच्या पायाशी बसली. दारात जमलेल्या माणसांना बसा म्हणावं की जा म्हणावं, मला कळेना. तिनं रस्त्यावर निवृत्तीला कसा बघितला ते आबांनी सगळं ऐकून घेतलं, दोर बाजूला ठेवला आणि ते घरात गेले.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती पहिल्या बक्षिसाचा चांदीचा पेला घेऊन आला. आबांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. "कुनाचं सुतक पाळतुयास?" एवढंच विचारलं आणि ते मळ्यात निघून गेले. पुढच्या बाजारी एकानं आबांना हटकलं, "आबा, वर भाजीला काय भाव हाय?" सगळा बाजार हसला. मीही तिथंच होतो. त्यानंतर कितीतरी आठवडे आबा बाजाराला आले नाहीत.

शेवटी मी निवृत्तीला घेऊन लासुर्ण्याला गेलो. तो गोदाच्या सासूच्या पाया पडला. म्हातारी म्हणाली, "आमची सून रस्त्यानं रडत नेली आमी. तुमचं घर हाय का तमाशा?" मग गोदा बाहेर आली.

"मिशीचं ऱ्हाऊ दे, निवृत्ती," ती म्हणाली. "मी बांधावरनं हाका मारल्या. तुला ऐकू आल्या का?"

"आल्या व्हत्या, आक्का."

"मंग?"

"वारा जरा पडला व्हता. चांगला येग लागला व्हता. थांबलो असतो तर..."

"मला वाटलं, आबा गेलं आन् माझा भाऊ मला सांगायलाबी थांबंना." ती म्हणाली. "आबा खरंच गेलं असतं, तर थांबला असतास का रं?"

मी मनात म्हणत होतो, अरे, व्हय म्हण. पण खोटं बोलणं त्याला जमत नसे. गोदानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि ती आत गेली. तांब्याला त्यानं हात लावला नाही.

मिशी उगवली. आबा बोलायला लागले, बाजारालाही जायला लागले. गोदा सणाला माहेरी यायची, निवृत्तीला वाढायची, पण पूर्वीसारखी थट्टा तिनं पुन्हा केली नाही. तो पुढं शर्यतीत उतरला नाही. पाच-सहा वर्षांत हिवतापानं गेला.

तोवर कालव्यावर त्याला कुणीही हाक मारली, की तो सायकलवरून उतरायचा. पोरांना हे ठाऊक झालं होतं. ती उसात लपून "निवृत्ती" म्हणून ओरडायची आणि पळून जायची. रस्त्यावर कुणी नसायचं, तरी तो हँडल धरून मागं बघत कितीतरी वेळ उभा असायचा.