दर्या डिस्कोचा एकनाथ

मी लिहिणारा माणूस नाही. रजेचे अर्जसुद्धा दुसऱ्याकडून तपासून घ्यायचो. तरी एकनाथबद्दल चार ओळी लिहाव्यात असं वाटलं. चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

एकनाथ मुरब्याचा मच्छीमार. तरुणपणी चार महिने बोईसरच्या एका कारखान्यात होता. तिथल्या एका फिटरने गावी परतताना आपली बेस गिटार त्याला देऊन टाकली. चार जाड तारांची. डिस्को गाण्याच्या तळाशी धम् धम् असा जो आवाज चालतो, तो हिचा. एकनाथने नोकरी सोडली आणि गिटार घेऊन पुन्हा होडीवर गेला.

तिच्यावरूनच आमचा बँड निघाला, 'दर्या डिस्को'. कारखान्यातला धीरज ड्रमवर, सातपाटीची दमयंती गायला, आणि वाणगावचा मी कॅसिओवर. हळदीची कोळी गाणी आम्ही डिस्कोच्या ठेक्यावर वाजवायचो. सफाळ्यापासून डहाणूपर्यंत वीस वर्षं मांडव गाजवले. मग डीजे आले. धीरजही वारला. बँड थांबला.

गेल्या वर्षी एकनाथला पक्षाघाताचा झटका आला. पाय सुधारले, बोलणं सुधारलं, पण डाव्या हाताची बोटं वळेनात. त्यातच नात उन्नतीचं लग्न ठरलं आणि तिने हट्ट धरला, "आजोबा, माज्या हळदीला तुमीच वाजवायचं."

त्याने मला फोन केला. "हऱ्या, पोरीला नाय कसं सांगू? उजव्या हातानं तार वाजते. पण दाबायची कुणी?"

मी मुरब्याला गेलो. दमयंती आधीच येऊन बसली होती. पालघरच्या बाजारात मासे विकून तिचा आवाज आणखी खणखणीत झाला आहे.

"दाबायला हा हाय की," तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी? मला गिटार येत नाही."

"वीस वर्षं बगत कुठं होतास रे? लोकांकडं बगायची तुजी हिंमत नव्हती. मान खाली घालून ह्याच्या डाव्या हाताकडंच बगत उभा असायचास. आमाला वाटायचं, ह्याला मानेचा आजार हाय!"

एकनाथची बायको मंजुळा चहा गाळताना इतकी हसली की अर्धा चहा बाहेर सांडला.

दमयंतीचं खरं होतं. त्याची बोटं कुठे जातात ते मला पाठ होतं. एकनाथने गिटार मांडीवर घेतली. मी डाव्या बाजूला खेटून बसलो. तो उजव्या हाताने वाजवणार, मी दाबणार. पहिले आठ दिवस सगळा गोंधळ झाला. मी मनात मोजत राहायचो आणि तोवर त्याची तार वाजून जायची.

"मोजतोस कशाला?" तो वैतागला. "होडीवर जाळं ओढताना कुणी मोजतं? पुढचा हाक देतो, मागचे ओढतात. मी 'ओढ' म्हटलं की दाब. 'सोड' म्हटलं की सोड. इचार करू नको."

"आणि चुकलं तर?"

"जाळ्यात कचरा येतोच की. बाजूला टाकायचा, पुढं ओढायचं."

मग जमू लागलं. तो पुटपुटायचा, "ओढ... ओढ... सोड," आणि माझी बोटं आपोआप हलायची. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्टीचा दहादा विचार केला. इथे विचार करायचाच नव्हता.

हळदीच्या दिवशी दुपार कलताना मांडव भरला. ताल गावातल्या बेंजो पार्टीने धरला. "लोक हसले तर पोरीची हळद बिगडंल रे," एकनाथ म्हणाला. मी पहिल्या जागेवर बोट ठेवलं.

दमयंतीने गाणं उचललं आणि खालून तो जुना धम् धम् सुरू झाला. बायका उठल्या. दुसऱ्या कडव्यात घामाने माझं बोट घसरलं आणि भलताच आवाज निघाला. "सोड!" एकनाथ ओरडला, तोही माईकसमोर. लोकांना वाटलं, गाण्यातलंच आहे. सगळा मांडव उलट ओरडला, "सोड!" मग प्रत्येक कडव्याला तेच चाललं. उन्नती हळदीच्या अंगाने नाचत आली आणि आजोबांचे दोन्ही गाल पिवळे करून गेली.

गाणं संपल्यावर एकनाथ म्हणाला, "पुढच्या महिन्यात खालच्या आळीत हळद हाय. मी हो सांगितलं."

"मला न विचारता?"

"आपल्याच हाताला कुणी इचारतं का रे?"

आता दर मंगळवारी सकाळी मी मुरब्याला जातो. मंजुळावहिनी माझा चहा ठेवूनच वाट बघते. सत्तरी ओलांडलेल्या भित्र्या माणसाला कुणी आपला हात म्हणावं, याहून मोठं मला काय मिळायचं होतं?