सात आठे चौपन्न

आजकाल मी दुकानातून आलो की बायको बामची डबी पुढे सरकवते. परवा झाकण उघडलं आणि त्या वासासोबत अकोल्याकडच्या मालेगावजवळच्या आमच्या शाळेतल्या बाई आठवल्या.

ऑपरेशनसाठी त्या अकोल्याला जाणार होत्या. आदल्या दिवशी कपाळाला बाम चोळत त्यांनी आम्हा चौथीच्या पोरांना कामं वाटून दिली. दुसरीच्या वर्गाकडून सातचा पाढा पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

“बाई, मलेच येत नाही तो!”

“म्हणूनच तुले देऊन राह्यली. पाठ असलेलं पोट्टं पयत सुटते. तू थांबून थांबून म्हणशीन, तं लहानेही संगं येतीन.”

“तुमी वापस येसान नं?”

“आता बसू दे मले,” म्हणत त्या खुर्चीत टेकल्या. आम्हाला वाटलं, रागावल्या.

दिवाळीनंतर त्या आल्या, निम्म्या होऊन. सगळी दुसरी एका सुरात पाढा म्हणत निघाली आणि माझ्यासारखीच ‘सात आठे चौपन्न’वर जाऊन धडकली. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग खडू उचलत म्हणाल्या, “चला, म्हंजे माही गरज हाये अजून इथं.”

मी तेव्हा नुसता लाजलो होतो. इतकं थकलेलं माणूस तेवढ्यावर उभं राहू शकतं, हे कळायला मला पन्नाशी लागली.