सिस्टरांनी हलवलेला मीटर

मिस्टरांच्या छातीत पेसमेकर बसवून दोन महिने झाले होते, तेव्हा आमच्या गल्लीत नवे वीजमीटर आले. बिनतारी, आपलं रीडिंग आपणच पाठवणारे. आमचा जुना मीटर मिस्टरांच्या उशाकडच्या भिंतीवर, बाहेरच्या अंगाला होता. नवाही तिथंच बसणार होता. कुणीतरी मोबाईलवर पाठवलं की याच्या लहरींनी पेसमेकर बंद पडतो. झालं, मिस्टरांनी कॉट सोडली आणि बाहेरच्या खोलीत चटई टाकली.

शेजारी एक निवृत्त नर्स राहतात. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. मीटर बसवणारा आला, मी पेसमेकरचं सांगितलं, तर तो हसला. सिस्टर कपडे वाळत घालत होत्या, त्या तशाच कुंपणापाशी आल्या.

"पावणं, भ्यालेल्या माणसाला हसायचं न्हाय. उत्तर द्यायचं."

आपल्याला यातलं काही माहीत नाही, हे त्यानं कबूल केलं. सिस्टरांनी त्याला चहा पाजला आणि मीटर लावायच्या आधी तुझ्या साहेबांना घेऊन ये म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या आम्हाला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी प्रश्न लिहून आणले होते आणि उत्तर नीट समजल्याशिवाय त्या पुढच्या प्रश्नाला जात नव्हत्या. भिंतीपलीकडच्या मीटरनं काही होत नाही, डॉक्टर म्हणाले, पण मोबाईल छातीवरच्या खिशात ठेवू नका. मिस्टरांचा मोबाईल तेव्हा तिथंच होता. त्यांनी तो गुपचूप काढून माझ्या हातात दिला.

तरी घरी आल्यावर ते चटईवरच. मी चिडले, सिस्टर चिडल्या नाहीत. नोकरीच्या पहिल्या वर्षी आपणही किरणांच्या भीतीनं एक्स-रेच्या खोलीबाहेरच थांबायचो, असं त्यांनी मिस्टरांना सांगितलं. साहेब आले, तेव्हा सिस्टरांनी मीटर गेटजवळच्या भिंतीवर घेता येईल का विचारलं. वायर वाढवावी लागणार होती. साहेब थोडे कुरकुरले, पण तयार झाले.

धोका नाही तर हलवायचा कशाला, असं मी सिस्टरांना नंतर विचारलं.

"धोका न्हाय, खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर माणूस झोपंना, ही बी तब्येतच की."

मीटर गेटजवळ बसला, त्याच दुपारी मिस्टर कॉटवर घोरत होते. बऱ्याच दिवसांनी मी सिस्टरांच्या घरी गेले, तेव्हा त्यांची कॉट पाहिली. त्यांचा नवा मीटर बरोबर तिच्या उशाकडच्या भिंतीवर, बाहेरून बसवलेला होता.