कंट्रोलरमधलं कुंकू

मंडळी, आज अमरावतीच्या ग्राहक मंचात आमच्या आईनं कमाल केली.

माह्या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरची केस होती. हात न लावता पडद्यावरचा खेळाडू डावीकडंच पळते, म्हणून मी कंपनीवर तक्रार केली होती.

कंपनीच्या वकिलानं कंट्रोलर उघडून दाखवला. बटनाखाली कुंकू! "साहेब, बिघाड ग्राहकानंच केला."

मी आईकडं पाह्यलं.

"मंग? नवी वस्तू पूजेबिगर वापरते का कोणी?" आई भर मंचात बोलली. मले वाटलं, गेली केस.

तेवढ्यात तिनं वकिलाच्या लॅपटॉपवरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाकडं बोट दाखवलं. "भाऊ, याचीबी पूजा झाली दिसते. हा बराबर चालते ना? मंग आमचाच कावून बिघडला?"

वकिलानं लॅपटॉप हळूच मिटला अन् पुढची तारीख मागितली.

आता तुमीच सांगा, पुढच्या खेपेले मी वकील लावू, का आईलेच उभं करू?